माझ्या खोलीचं हिरवं दार

हसू नका, पण बाबांनी माझ्याशी बोलावं म्हणून मी एकदा दार रंगवलं होतं. कॉलेज अर्धवट सोडून आंधळगावला परत आलो, तेव्हापासून ते माझ्याशी बोलतच नव्हते. मी समोर बसलेलो असलो तरी आईला सांगायचे, "त्याले म्हन, जेवून घे म्हना." म्हणायला मोठी माणसं, आणि रुसवा मात्र पाच वर्षांच्या पोराचा.

माझ्या खोलीचं बाहेर उघडणारं दार म्हणजे नुसतं सपाट प्लायवूड. मोबाईलवर पाहून मी त्याच्यावर बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या चौकटी चिकटवल्या, वरून गर्द हिरवा रंग मारला. चार दिवस लागले. हे काय करतोस, असं विचारायलाही कोणी आलं नाही.

पाचव्या दिवशी बडेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आले. आमच्याकडे घरात रंगकाम निघालं की लग्न ठरलं असंच धरतात. "काहून बे, पोरगी पाह्यली का?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "याले कोन पोरगी देते!"

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि चक्क माझ्याकडे पाहून म्हणाले, "मस्त केलं रे."

खरं सांगतो, मला रडूच येणार होतं.

"पन आता हे बंदच ठेवत जाय," बाबा म्हणाले. "उघडं रायलं का नक्षी भिंतीकडे जाते, अन् तूच दिसते."

बडेबाबा हसत सुटले. मी आत जाऊन दार लावून घेतलं. आतली बाजू रंगवायचं मला सुचलंच नव्हतं.