कसला फ्लड?

हॅलो?... हो, मेरिबेथच बोलतेय. ग्रेडी, कालपासून किती वेळा फोन लावला तुला... असू दे, आता केलास ना. नीट ऐक. डॅडींबद्दल आहे... नाही, नाही, हार्टचं काही नाही. मागच्या अंगणात ब्रिस्केटच्या मांसाला मसाला चोळत बसलेत. धडधाकट आहेत.

हो, मॅच जिंकलो. तेच तर... थांब, अभिनंदन राहू दे. मी काल मैदानाच्या कडेलाच होते... अरे, शाळेच्या फुटबॉल टीमचे कोच डॅडी, पण पोरांच्या घोट्यांना पट्ट्या कोण बांधतं? मीच ना, अजूनही. म्हणून तर सगळं कानावर पडलं.

मध्यंतरानंतर समोरच्यांनी बचाव बदलला. आधी प्रत्येक जण आपापल्या माणसामागे पळत होता. मग प्रत्येकाने मैदानाचा आपापला तुकडा राखायला घेतला... हो, त्यालाच झोन म्हणतात. शाळेत तू बँडमध्ये ट्रम्पेट फुंकत होतास, तुला कुठून कळणार... चिडू नकोस रे. सोपं आहे. माणूस मागे लागला असेल तर पळत राहायचं. जागा राखत असतील तर दोघांच्या मधल्या फटीत जाऊन थांबायचं, चेंडू तिथे येतो. डॅडी हे झोपेतसुद्धा सांगायचे. आणि त्यांचा तो फ्लड... पाण्याचा पूर नाही, डावाचं नाव आहे. एकाच बाजूला तिघांना पाठवायचं. एक जवळ, एक मधे, एक लांब. राखणारे दोघंच, कुणाकुणाला धरणार?... बरोबर. एक जण मोकळा सुटतोच.

तर काल डॅडींनी फ्लड लावलाच नाही. नुसतं पळत राहायच्या आडव्या चाली पाठवत राहिले. पुन्हा पुन्हा त्याच... छे, कसली युक्ती. मलाही आधी तसंच वाटलं. पास सारखे समोरच्यांच्या हातात जायला लागले. आणि मग कोल्बी... तो बारका, टायरवाल्या रस्टीचा मुलगा... सांगितल्याप्रमाणे पळत गेला, मान चेंडूकडे वळवलेली, आणि थेट वाट बघत उभ्या असलेल्या एका धिप्पाड पोरावर जाऊन आदळला... खांद्याजवळचं हाड मोडलं. मीच हात बांधला त्याचा. लबकच्या हॉस्पिटलमध्ये नेलाय, आज ऑपरेशन आहे.

खेळात लागतं, माहीत आहे मला. मला सांगतोस?... अरे, पण ऐक ना. मग एफ्राइन कडेला आला. आपला क्वार्टरबॅक, लुसेरोंचा, चेंडू फेकतो तो. म्हणाला, "कोच, फ्लड घेऊ या ना?" डॅडी त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "कसला फ्लड?"

हो. असंच म्हणाले. चेष्टेत नाही. मी त्यांचे डोळे बघितले, ग्रेडी.

मग काय... एफ्राइनने स्वतःच लावला तो डाव. मैदानात जाऊन पोरांच्या कानात सांगितलं. मधला पोरगा फटीत बरोबर थांबला, चेंडू आला, आणि सगळं गाव नाचायला लागलं. डॅडींना खांद्यावर घेतलं. हसत होते रे ते. मला बघवेना.

आणि आज सकाळी कॉफी घेताना मला विचारतात, काल कोण जिंकलं?

... नाही, पहिल्यांदा नाही. उन्हाळ्यात एकदा घराचा रस्ता चुकले होते. मी म्हटलं, वय झालं... तुला काय सांगणार? तू ख्रिसमसला येतोस, टर्की खातोस, जातोस... बरं, सोड. भांडायचं नाहीये मला.

एफ्राइन येऊन गेला आत्ता. टोपी हातात धरून दारात उभा. म्हणाला, "मिस मेरिबेथ, सेमीफायनलला चाली मी ठरवीन. कोचना फक्त उभं राहू द्या. कुणाला कळणार नाही."... हो, पोर सोन्यासारखं आहे. पण...

तूही तेच म्हणतोस? एकच आठवडा गप्प राहू?... ऐक. ग्रेडी, ऐक माझं. एफ्राइन किती जणांना सावरेल? डॅडींनी हात वर केला की पोरं विचार करत नाहीत, पळतात. विश्वासाने पळतात. काल हॉस्पिटलमध्ये कोल्बीची आई माझा हात धरून म्हणाली, कोचना सांग, मनाला लावून घेऊ नका म्हणावं. काय बोलायचं होतं मी तिला?

... होईल की त्यांचा अपमान. मैदानाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय, तेही राहून जाईल. गाव बोलेल... माहीत आहे रे मला. पण सोमवारी मी प्रिन्सिपलबाईंना सांगणार... परवानगी नाही मागत. तुला आधी कळावं म्हणून...

रडू नकोस ना. तू रडायला लागलास तर मी... थांब. एक मिनिट थांब.

डॅडी?... कधीपासून उभे आहात तिथे?... ग्रेडी आहे फोनवर... हो... हो, कोल्बीचंच बोलत होते... हो डॅडी. तुम्ही पाठवलेल्या चालीवरच लागलं त्याला.

... ग्रेडी, त्यांनी ऐकलंय सगळं... नाही, चिडले नाहीत. खुर्चीत बसलेत. हाताला मसाला तसाच आहे... काय म्हणालात, डॅडी?... ते म्हणतायत, सोमवारपर्यंत कशाला थांबायचं. स्वतःच सांगतो म्हणतात बाईंना, आत्ता. आणि मग लबकला जायचं, कोल्बीला बघायला... हो, गाडी मीच चालवीन... नाही, तू नको बोलूस आता त्यांच्याशी. संध्याकाळी कर. त्यांना फोन हवाय, ठेवते...

हो डॅडी, हा घ्या... प्रिन्सिपलबाईंचं नाव?... ओडेल. मिसेस ओडेल, डॅडी... थांबा, नंबर मी लावून देते.