गेनूभाऊंच्या पेटीतला प

आता हसू नका, पण परीक्षक मीच होतो. आमच्या तिसगावात दर महिन्याला चाल लावायची स्पर्धा असते. ओळी आम्ही देतो, चाल ज्याची त्यानं बांधायची. एकदा माझ्या मेव्हण्याचा पहिला नंबर आला आणि लई बोंब झाली. तेव्हापासून स्पर्धक आपापली चाल आधी पेटीवाल्या गेनूभाऊंना शिकवतात आणि पडद्यामागून सगळ्यांच्या चाली तेच वाजवतात.

त्या दिवशी पाचही चालींत प नव्हता. एकातही नाही! मी माईक घेतला आणि दहा मिनिटं बोललो. "सारेगम झालं की थेट ध! प टाळायची हिंमत फक्त आपल्या गावात हाय. हे तिसगावचं घराणं!" टाळ्या पडल्या. स्पर्धकांनीही माना डोलावल्या.

पडद्यातून गेनूभाऊंचं डोकं बाहेर आलं. "सर, घराणं न्हाई. पेटीत उंदीर शिरला हुता. मधला प वाजतच न्हाई."

आम्ही पेटी दुरुस्त करून आणली. पुढच्या महिन्यात जो तो गेनूभाऊंना बाजूला घेऊन सांगत होता, "भाऊ, आमच्या चालीत प तेवढा दाबू नका. सरांना आवडत न्हाई."