शिंगणापूरच्या छतावरचं झाकण

आमच्या मामांनी एका झाकणावरून मला भर उन्हात कसं गच्चीवर बसवून ठेवलं, ते ऐका.

मामा शनिशिंगणापूरचे. त्यांच्या स्वयंपाकघरात भरदुपारीही दिवा लावावा लागायचा. माझा धंदाच उजेडाचे पाइप बसवायचा, म्हणून स्लॅबला भोक पाडून आतून आरशासारखा चकचकीत पाइप खाली सोडला. वरचं ऊन थेट मामीच्या कढईत उतरलं.

शेवटी वरून काचेसारखं पारदर्शक झाकण बसवायला गेलो, तर मामांनी हातच धरला.

“आमच्या गावात घराला दार लावत न्हाईत, ठाऊक हाय ना? मग हे काय?”

“मामा, पावसासाठी आहे. आणि एवढ्याशा भोकातून चोर कसा येईल?”

“चोराचं कोन बोलतंय? आपून घर बंद करायचं न्हाई, एवढंच हाय.”

झाकण लावलं नाही, तर पावसाचं पाणी सरळ चुलीवर. मला उन्हात तसंच बसवून मामा ते झाकण उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, “नुसतं ठेवून बघ.”

मी ठेवलं. मामांनी जिन्यातून हाक दिली, “अगं, उजेड गेला का?”

खालून मामी ओरडली, “कुठं जातोय? लख्ख हाय की!”

मामांनी झाकणावर टिचकी मारली.

“मग हे बंद कुठं झालं? आवळ स्क्रू.”