नाशिकहून मागवलेला पट्टा

चहा निवायच्या आत सांगून टाकते. माझे ते सीएनसी यंत्र तुम्ही पाहिले आहे, संगणकाच्या आज्ञेवर लाकडी पाट्या कोरणारे. घरात माझ्याखेरीज आवाज करणारे तेवढेच. त्याचा दातेरी पट्टा तुटला. भोरच्या दुकानदाराने गिरणीचा पट्टा पुढे केला, पुण्यातला दुकानदार म्हणाला, "बाई, हे मॉडेल बंद झालं." शेवटी नाशिकच्या एका विक्रेत्याकडे तो सापडला. मार्गासनीत आमच्या चढावर कुरिअर येत नाही, म्हणून पत्ता खालच्या घरातल्या ठकूबाईंचा दिला.

दिवस जात राहिले, पट्टा येईना. ठकूबाई मात्र रोज दुपारी येऊन बसत. त्यांची माणसे मेंढरांमागे रानात असतात.

अखेर मी नाशिकला फोन लावला.

"मॅडम, पार्सल केव्हाच पोहोचलंय!"

"धादांत खोटे! ठकूबाई माझ्यासमोरच बसल्या आहेत," असे सुनावून मी फोन ठेवला.

ठकूबाई बशीतला चहा फुंकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आलंय वो बाई. तांदळाच्या कणगीत ठिवलंय."

"मग दिले का नाही?"

"मशीन चालू झाली की तुमी भुसा उडतो म्हणून दार लावून घेता. मग म्या कुणाशी बोलू?"

मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.

"ठकूबाई, कणगीत उंदीर तर नाहीत ना?"

"न्हाई वो."

"मग राहू द्या तिथेच."