उजवीकडून येणारा उजेड

नाव : ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे, गावात ‘पायपीटबाई’ म्हणून ओळखतात. वय : ५९ वर्षे. धंदा : ग्रंथालयातून निवृत्त, सध्या पायी फेरी नेते. राहणार : छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, थोरल्या बहिणीसोबत.

मी वरील बाई, ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, विचारलेलं आणि न विचारलेलंही सांगते की, गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता मी विद्यापीठाच्या आवारात लोकांना फिरवते. फेरी इथल्या बायकांच्या इतिहासाची आहे. सुरुवात ग्रंथालयाच्या मागच्या दारापासून, कारण पहिल्या मुलींना पुढच्या दारानं घेत नव्हते. मग मुलींचं जुनं वसतिगृह, वेधशाळेत आकडेमोड करणाऱ्या बायकांची खोली आणि शेवटी वनस्पती संग्रहालय. दोन तास लागतात. चपला धड घालून या, असं मी आधीच बजावते.

माझी थोरली बहीण, वय ६७, हिला मी ताई म्हणते. ती वनस्पतिशास्त्र विभागात एकोणीस वर्षं झाडांची चित्रं काढत होती. कागदावर नेमणूक ‘मदतनीस’. विभागाचे तेव्हाचे प्रमुख, म्हणजे आताचे तक्रारदार, यांना सगळे सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सरांच्या मोठ्या पुस्तकातली दोनशे बारा चित्रं ताईची आहेत. सुट्टीच्या दिवशी ती फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायची आणि सुकायच्या आत चित्र पुरं करायची. त्या दिवशी जेवणाला चार वाजायचे. पुस्तकावर ‘संशोधन व चित्रे’ म्हणून नाव एकट्या सरांचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. सर फळं घेऊन भेटायला आले होते. ताईच्या हातून कप निसटला, तो सरांनीच उचलून ठेवला. म्हणजे हात गेला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तीन महिन्यांपूर्वी असं जाहीर झालं की मूळ चित्रं संग्रहालयात कायमची लागणार आणि त्यांवर सरांच्या नावाची पितळी पाटी बसणार. ताईनं माझ्याकडून सरांना पत्र लिहून घेतलं. कुठंतरी बारीक अक्षरात तिचंही नाव असावं, एवढंच त्यात होतं. सरांचं उत्तर आलं, ते सोबत जोडते. दोन ओळी आहेत : ‘चित्रे आपली असल्यास माझ्यासमोर बसून एक पान काढून दाखवावे. नाव त्याच दिवशी घालू.’

ताईनं कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, “जाऊ दे गं.” मी जाऊ दिलं नाही. सोडून देणं तिच्याकडे आणि धरून ठेवणं माझ्याकडे, अशी आमच्यात लहानपणापासून वाटणी आहे. पुढं एकदा फेरीला निघताना तिनं विचारलं, “तुझ्या फेरीत यायला बाईला आधी मरावंच लागतं का गं?” ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

अंमलदारांनी इथं ‘रागाच्या भरात’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी सगळं ठरवून केलं. तीन महिने विचार करून केलं.

काल रविवारी फेरीला चोवीस माणसं होती. सव्वाअकराला आम्ही संग्रहालयात पोचलो. सर तिथं रविवारी पुस्तकांवर सह्या करत बसतात, हे मला माहीत होतं. भिंतीवर अठ्ठेचाळीस चित्रं लागली होती. पाटी यायची होती. मी पिशवीतून जाड कागद, दौत, टाक आणि दारातल्या झाडाचं एक पान काढून टेबलावर ठेवलं आणि अगदी साखर पेरून म्हटलं, “सर, एवढी माणसं तंगडतोड करून आलीत. एक पान काढून दाखवा ना.”

सर म्हणाले, “आता वय झालं हो. हात चालत नाही.”

मी म्हटलं, “हात न चालणाऱ्यांनाही लोक पान काढायला सांगतात, सर.”

त्यांनी टाक माझ्याकडे सरकवला. पण चोवीस माणसं टाळ्या वाजवू लागल्यावर नाही कुणाला म्हणणार? बसले. दहा-बारा मिनिटं घेतली. पान म्हणजे चपलेचा तळवाच जणू, पण ते जाऊ द्या, मला सौंदर्य नको होतं. खाली सही मागितली, तारीख मागितली. दोन्ही हौसेनं दिलं.

मग मी विचारलं, “सर, सावली उजव्या बाजूला का दिली?”

सर खुलले. जन्मभर शिकवत आलेला माणूस. म्हणाले, “अहो, उजेड डावीकडून घ्यायचा. उजव्या हातानं काढणाऱ्याचा उजेड डावीकडूनच हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली रेघेवर पडते. हे तर बाळबोध आहे. मी आयुष्यात कधी दुसरीकडून उजेड घेतला नाही.”

मी म्हटलं, “मंडळी, जरा भिंतीकडे बघा.”

सगळे वळले. आमच्यात एक दातांचे डॉक्टर होते. ते चष्मा वर करून चित्राचित्रापाशी गेले आणि म्हणाले, “यांत तर सगळा उजेड उजवीकडून आहे. सावली डावीकडे.” मग मी सांगितलं, “माझी बहीण डावखुरी. आईनं चापट्या मारमारून पाहिलं, पण हात बदलला नाही. तिचं टेबल खिडकीच्या डाव्या अंगाला असायचं, उजेड उजव्या खांद्यावरून.” सरांचं तोंड पांढरं पडलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे असंच लिहा.

सर कागद ओढायला उठले, खुर्ची त्यांच्याच पायात आली आणि ते गुडघ्यावर पडले. मी त्यांना बोट लावलं नाही. उचललंही नाही. कागद पिशवीत घातला आणि फेरी संपल्याचं सांगितलं. चोवीस जणांची नावं-पत्ते दिले आहेत. संग्रहालयाच्या प्रमुखबाई तिथंच होत्या. पाटी आज बसवायची होती, ती ठाण्याचा निकाल लागेपर्यंत थांबवली आहे, असं त्यांनी सकाळी फोनवर कळवलं.

सरांनी माझ्यावर ढकलाढकलीची आणि चोरीची तक्रार दिली आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आता त्यांचे चिरंजीव बाहेर बाकावर बसून निरोप पाठवतात की कागद परत द्या, तक्रार मागे घेतो, वडिलांच्या वयाचा तरी विचार करा. वयाचा विचार मी केला. ताईचंही झालंच आहे.

कागद मी ठाण्यात जमा करते. जप्तीच्या कागदावर चित्रकार म्हणून सरांचं नाव घालावं. ते चित्र त्यांचंच आहे, मला मान्य आहे. त्यांनीही तक्रारीत सहीनिशी लिहून दिलं आहे की, ‘भिंतीवरील चित्रे ज्या हाताने काढली त्याच हाताने काढलेले माझे चित्र’ मी नेलं. तेव्हा तक्रार मागे घेऊ देऊ नये, ती कोर्टापर्यंत न्यावी, म्हणजे हा कागद आणि भिंतीवरची चित्रं तिथं शेजारी ठेवून बघता येतील, अशी आरोपी या नात्यानं माझी हात जोडून विनंती आहे.

वरील मजकूर अंमलदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला, मी पुन्हा एकदा वाचायला लावला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, कमी-जास्त काही नाही.