एका गोळीने पडलेल्या दोन एल्कबाबत

मी, वेस्ली हॉगन, वय २१ वर्षे, काम लाकडाच्या गिरणीत (वनशास्त्राचे कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले), राहणार बिटर क्रीक, मोंटाना. शेरीफ कचेरीत आपण होऊन हजर राहून सांगतो की,

माझ्याकडे एका नर एल्कच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना आहे. पडलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी एकच मिळते.

ऑगस्टमध्ये मी ऑर्विल स्टेनसन यांच्या दुकानात रायफल घ्यायला गेलो. त्यांची मुलगी जोलीन, वय २०, तिथे होती. ऑर्विल यांनी टू-सेव्हंटी रायफल पुढे केली. "ही घे. जोलीननं हिच्यावर पाच एल्क पाडलेत. शिशाची गोळी, बहुतेकदा पलीकडच्या कातड्याखाली थांबते." मी तिच्याहून जबर थ्री-हंड्रेड मॅग्नम आणि अखंड तांब्याच्या गोळीची काडतुसे मागितली. "पोरा, एल्क मारायचाय का डोंगर?" जोलीन हसली. म्हणून मी मॅग्नमच घेतली. ऑर्विल म्हणाले, "मग ऐक. ही गोळी आरपार जाते. मागं काय आहे ते बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही."

आज सकाळी ७.४० वाजता मी व जोलीन वरच्या खिंडीत होतो. दोनशे पावलांवर नर उभा होता. एवढे मोठे जनावर मी आजवर पाहिले नव्हते. शिंगांवर बर्फ होता. नराच्या मागे मला काही दिसले नाही. मी एक गोळी झाडली.

तो पडला नाही. गोळी लागूनही सहा-सात श्वास उभा राहिला. नाकातून वाफ येत होती. आमच्याकडे त्याने पाहिलेही नाही. मग खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा. मी टोपी काढली. का काढली ते सांगता येत नाही.

जवळ गेल्यावर त्याच्यामागे झुडपात मादी पडलेली आढळली. माझीच गोळी.

जोलीनकडे मादीची चिठ्ठी होती. मी म्हणालो, "तुझी लाव ना. कुणाला कळणार आहे?"

ती म्हणाली, "मला कळलंय की, वेस."

त्यानंतर आम्ही मांस नासू नये म्हणून दोन्ही जनावरे साफ केली. तीन तास लागले. मादीचे मांस व रायफल कचेरीत जमा केली आहे. माझा परवाना काही वर्षांसाठी रद्द होऊ शकतो हे मला सांगण्यात आले आहे. जोलीन बाहेर गाडीत बसली आहे. थांब असे मी तिला सांगितलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती करावी. "मागे काही दिसले नाही" असे मी सांगितले ते खरे नाही. मी मागे पाहिलेच नाही. चाप ओढताना जोलीन माझ्याकडे पाहते आहे का, ते मी पाहत होतो.

ती नराकडे पाहत होती.

एवढी दुरुस्ती धरून बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही, वेस्ली हॉगन