पातीच्या कांद्याचा मार

मीरा रोड स्टेशनबाहेर एसटीडी बूथच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय होत्या. भावजय आत जाऊन इस्रायलला लेकीशी बोलली आणि हसतच बाहेर आली.

"वन्सं, आमच्या एलिशेबाला पेसाहच्या सणाला सासरच्यांनी झोडपलं!"

"अगं बाई! कशाने?"

"पातीच्या कांद्याने! ते इराणकडचे यहुदी ना, इजिप्तच्या गुलामीत पूर्वजांना बसलेले फटके आठवून गाता गाता एकमेकांना मारतात."

"आपण कोकणातले बेने इस्रायली बरे, खजुराचा पाक खातो नि गप्प बसतो. पोर रडली का गं?"

"रडणारच होती. पण लग्नात तोंड फिरवून बसलेल्या सासूनेच तिच्या हातात जुडी दिली. म्हणाली, मार मला."

"मारलं?"

"जुडी तुटेपर्यंत! दोघी हसून हसून लोळल्या. आत्ता फोनवर पोरीने 'आई' अशी हाक मारली, मी 'ओ' दिली."

"बरं, मग?"

"तिकडून सासूनेही 'ओ' दिली!"